पटणे आणि विसंबणे : पंडिता रमाबाईंच्या साक्षलेखनातील श्रद्धाविचार

ख्रिस्ती धर्मतत्त्वे खरी आहेत असे बुद्धीला पटणे आणि ख्रिस्तावर विसंबून तारणाची खात्री होणे, या दोन अवस्थांत प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र भेद करते. ज्ञान, संमती आणि भरवसा अशी श्रद्धेची तीन अंगे तेथे मानली जातात. पहिली दोन असूनही तिसरे नसेल, तर ती श्रद्धा तारक ठरत नाही. देव एकच आहे हे भुतेही मानतात, हा याकोबाच्या पत्रातील दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो.

पंडिता रमाबाईंनी 1907 साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेले साक्षलेखन याच भेदावर उभे आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. फादर नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाने त्यांच्या शंका फिटल्या होत्या; पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांमध्ये भगिनी करीत असलेले कार्य आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा यांनी त्यांचे मन वळवले होते. मात्र सुमारे आठ वर्षांनंतर त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. या जाणिवेला विल्यम हॅस्लम यांचे आत्मकथन साहाय्यभूत झाले. हे हॅस्लम अँग्लिकन धर्मगुरू होते आणि 1851 साली स्वतःच प्रवचन करीत असताना त्यांचे परिवर्तन घडले होते. दीक्षा, अधिकार व पांडित्य असूनही माणूस उंबरठ्याबाहेर राहू शकतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण रमाबाईंना क्वचितच मिळाले असते.

या भेदाला मराठी भाषेत विशेष अर्थ येतो. मराठी बायबलमध्ये दोन्ही अवस्थांसाठी 'विश्वास' हाच शब्द येतो. भुतांचाही विश्वास आणि तारण पावणाऱ्याचाही विश्वासच. पण मराठी क्रियापदे हा भेद जाणतात. एखाद्या गोष्टीवर विश्वास 'बसतो'. तेथे पुरावा काम करतो आणि माणूस जवळजवळ निष्क्रिय असतो. कोणावर विश्वास 'टाकला' जातो तेव्हा भार टाकल्याप्रमाणे स्वतःचे वजन दुसऱ्यावर सोपवावे लागते. आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करणाऱ्या रमाबाईंना शब्दांची ही निवड किती नाजूक आहे याची जाण निश्चितच असणार.

तथापि या साक्षलेखनातील पूर्वावस्थेचे चित्र जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. ते 1905 च्या केडगाव येथील पुनरुज्जीवनानंतर लिहिले गेले आणि मागील सारे आयुष्य त्या अनुभवाच्या परिभाषेत मांडले गेले. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला, 1977 साली प्रसिद्ध झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना निराळी स्त्री समोर येते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यसिद्धांत आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांवर वाद घालणारी ही स्त्री धर्मगुरूंच्या अधिकारापुढे सदसद्विवेक गहाण टाकण्यास तयार नाही. म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या काळात तिची बौद्धिक संमतीही पूर्ण नव्हती. संमती होती पण भरवसा नव्हता, हा साक्षलेखनाचा सरळ क्रम पत्रे मोडून काढतात.

शिवाय त्या काळात भरवसा अजिबात नव्हता असे तरी कसे म्हणावे? पती आणि आप्त गमावलेली, लहान मुलीसह परदेशात आलेली विधवा स्वसमाजाचा रोष ओढवून बाप्तिस्मा घेते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदनही त्या तथाकथित 'अपुऱ्या' श्रद्धेच्याच काळातले. केवळ बुद्धीला पटले म्हणून इतकी किंमत मोजली जात नाही. (उलट, ज्यांना सुधारणा बुद्धीला पटली होती अशा पुण्यातील मान्यवरांनी 1893 साली सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, ही बाबही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.)

रमाबाईंच्या अनुभवाची सत्यता यामुळे बाधित होत नाही. कर्माने तारण मिळवण्याच्या धडपडीतून मिळालेली सुटका त्यांच्या शब्दांतून जाणवते. प्रायश्चित्ते, तीर्थयात्रा व उपासतापास यांत होरपळलेल्या बालपणाच्या पार्श्वभूमीवर ती अधिकच खरी वाटते. आक्षेप आहे तो रचनेवर. नव्या प्रकाशाची प्रखरता दाखवण्यासाठी त्यांनी जुना काळ आवश्यकतेहून अधिक काळोखा रंगवला, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुण पंडितेला तिचे श्रेय दिले नाही.