खीळ, खिळा आणि मेख : वाच्यार्थ व लक्ष्यार्थ

शब्दाचा मूळ अर्थ प्रथम देऊन पुढे ‘(ल.)’ ह्या संक्षेपाने लाक्षणिक अर्थ नोंदविण्याचा प्रघात मराठी कोशरचनेत रूढ आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–३८) ह्या पद्धतीचा विस्तृत उपयोग केलेला आढळतो. सोयीच्या दृष्टीने ही पद्धती निर्दोष आहे. परंतु एकाच खुणेखाली भिन्न अवस्थांतील अर्थ एकत्र येतात आणि त्यांच्यातील भेद अभ्यासकाच्या नजरेआड होतो. खिळा ह्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूच्या नामकुलावरून हा भेद स्पष्ट करता येईल.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करावयाचा. संस्कृत ‘कील’ ह्या शब्दातील आद्य क-काराचा प्राकृतात ख-कार होतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात कुब्ज, कर्पर आणि कील ह्या तीन शब्दांच्या बाबतीत हा विकार एकत्रच सांगितला आहे. विशेष असा की, हे तिन्ही शब्द मराठीत आजही नांदत आहेत : खुजा, खापर आणि खीळ. दोन स्वरांमधील ल-काराचा ळ होणे हे फळ, काळ, निळा ह्या शब्दांप्रमाणे नियमितच होय. खिळा ह्या पुल्लिंगी रूपाच्या मागे मात्र स्वार्थी क-प्रत्ययाने वाढलेले ‘कीलक’ हे रूप मानावे लागते.

संस्कृत ‘कील’ धातूचीच असावी असा निर्बंध नव्हता. पंचतंत्रातील ज्या माकडाने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातील कील उपटून प्राण गमावले, त्या कथेत ती लाकडी पाचर आहे. मराठीने हे व्यापक क्षेत्र वाटून घेतले. फटीत ठोकावयाची ती पाचर, भिंतीतील ती खुंटी, लोखंडाचा तो खिळा. तंबूसाठी जमिनीत ठोकावयाची ती मेख, हा शब्द फारसीतून आला.

लक्ष्यार्थाची वाटणीही अशीच झाली आहे. ‘खिळा’ हे नाम जवळजवळ वाच्यार्थातच राहिले. त्याचा जो एक लक्षणीय अर्थविस्तार झाला, तो मुद्रणव्यवसायात. हाताने जुळवणी करण्याच्या काळात धातूच्या सुट्या अक्षराला ‘खिळा’ म्हणत आणि ती जुळवणी म्हणजे ‘खिळे जुळविणे’. हा खिळा कशालाही जखडीत नाही. येथील साम्य कार्याचे नसून आकाराचे आहे. तो व्यवसाय मागे पडल्याने हा अर्थही आता क्वचितच कानी येतो.

याउलट ‘खीळ’ ह्या स्त्रीलिंगी रूपाकडे अडथळ्याचा अर्थ गेला. प्रगतीला, उद्योगाला, वाचेला खीळ बसते; स्वभावतः अचल असलेल्या वस्तूला ती बसत नाही. खीळ घालता येते, तशी काढताही येते. वाच्यार्थाच्या परिसरातील क्रियापदे येथे अजून वावरतात; म्हणजे हे रूपक पुरते निद्रिस्त झालेले नाही. ‘मेख’ ह्या शब्दाचीही हीच स्थिती आहे. मेख मारून ठेवतात आणि ती शोधून काढावी लागते. ठोकलेल्या मेखेचे डोके तेवढे वर दिसते, उरलेली जमिनीत असते; ‘खरी मेख येथेच आहे’ ह्या प्रयोगातील गुप्ततेची छटा ह्या चित्रावरून आली असावी, असे अनुमान करावयास हरकत नाही.

‘दातखीळ’ ह्या सामासिक शब्दाची अवस्था निराळी आहे. धनुर्वातात रोग्याचे जबडे घट्ट मिटतात, तेव्हा कोणाच्याही मनात खिळ्याचे चित्र उभे राहत नाही. हा अर्थ मुळात लाक्षणिक असला तरी आज तोच मुख्यार्थ होय. भीतीने वा संकोचाने गप्प बसलेल्या माणसाची ‘दातखीळ बसली’ असे म्हणताना लक्षणा होते ती ह्या रोगाच्या अर्थावरून, खिळ्यावरून नव्हे. मम्मटाने ‘कुशल’ हा शब्द रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून दिला; ‘कुश आणणारा’ हा त्याचा मुख्यार्थ मानला. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला की, व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि प्रवृत्तीचे निमित्त वेगळे. ‘दातखीळ’ ह्या शब्दाचा निर्णय विश्वनाथाच्याच बाजूने लागतो.

राहिले ‘खिळणे’ हे क्रियापद. ‘खिळ्यांनी ठोकणे’ हा त्याचा सकर्मक वाच्यार्थ नित्य बोलण्यातून बहुतांशी लोपला असून ‘वधस्तंभावर खिळणे’ ह्या ख्रिस्ती मराठीतील प्रयोगात तो टिकून आहे. अन्यत्र चित्रावर दृष्टी खिळते आणि रोगी अंथरुणाला खिळतो. पहिल्या प्रयोगात प्रशंसा, दुसऱ्यात करुणा. क्रिया एकच, विभक्तीची योजना मात्र भिन्न. दोहोंतही ठोकणारा कोणी दिसत नाही, आणि खिळा उपटण्याची भाषाही संभवत नाही. हे रूपक विझलेले आहे.

येथेच समीक्षेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘ही कादंबरी वाचकाला खिळवून ठेवते’ हे वाक्य परीक्षणांतून इतके रुळले आहे की, ते लिहिणाऱ्याला त्यातील चित्र जाणवत नाही. वस्तुतः खिळलेल्या वस्तूची गती संपलेली असते. जे साहित्य वाचकाच्या मनाला गती देते, त्याचे वर्णन गतिहीनतेच्या शब्दाने करणे कितपत युक्त, आणि वाचकाला नेमके कशाने धरून ठेवले, रहस्याने, भाषेने की स्वभावचित्रणाने, हे त्यातून कसे कळावे? विझलेल्या रूपकाने विधान केल्याचा भास होतो. विधान झालेले नसते.

तेव्हा ‘(ल.)’ ही खूण पुरेशी नाही. रूपक जागृत आहे, मंदावले आहे की विझले आहे, याची कसोटी शब्दाच्या सहचारी क्रियापदांत आणि विभक्तींत सापडते. कोशकाराने ती नोंदवावी आणि समीक्षकाने लेखणी उचलण्यापूर्वी पाहून घ्यावी.