मंतरलेल्या वस्तूचे कारक

दिवा, अंगठी, गालिचा, मूर्ती, पेटी यांपैकी एखाद्या मंतरलेल्या वस्तूभोवती रचलेल्या अद्भुत व साहसी चित्रपटांकडे समीक्षेने फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. बालरंजन या एका शब्दात त्यांची वासलात लावण्याची प्रथा आहे. वस्तुतः लोककथेच्या शास्त्रीय अभ्यासात या वस्तूला मानाचे स्थान आहे. रशियन लोककथांची घटनामीमांसा करताना व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली कथेची एकतीस कार्ये सांगितली. त्यांत नायकाला जादूच्या साधनाची प्राप्ती होणे हे एक स्वतंत्र कार्य आहे. सजीव साहाय्यक आणि निर्जीव साधन कथेत एकाच प्रकारे वागतात, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. मात्र या निरीक्षणातून उद्भवणारा एक प्रश्न प्रॉप यांच्या मांडणीत उरतोच. वस्तू जर साहाय्यकासारखी वागत असेल, तर कथेतील पराक्रम अखेर कोणाच्या नावे जमा करावयाचा?

या प्रश्नाची उकल करण्यास भारतीय व्याकरणपरंपरेतील कारकविचार उपयोगी पडतो. पाणिनीच्या मते क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, क्रियासिद्धीचे जे सर्वांत प्रभावी साधन ते करण, आणि कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वाधिक प्राप्त करावयाचे असते ते कर्म. एकच पदार्थ निरनिराळ्या वाक्यांत निरनिराळे कारक होऊ शकतो. ते वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. ‘तो कुऱ्हाडीने लाकूड तोडतो’ यातील कुऱ्हाड करण आहे. ‘ही कुऱ्हाड चांगली तोडते’ असे म्हणताच ती कर्तृपदी बसते. मराठीत तर ही सीमारेषा आणखीच पुसट आहे. ‘मुलाने दिव्याने महाल उभारला’ या वाक्यात कर्ता आणि करण या दोहोंना ‘ने’ हाच प्रत्यय लागतो. त्यांतील कर्ता कोणता, हे श्रोता प्रत्ययावरून ठरवीत नाही. सजीव-निर्जीवाच्या जाणिवेवरून ठरवितो. मंतरलेल्या वस्तूचा चित्रपट नेमक्या याच जाणिवेला धक्का देतो.

वस्तू निव्वळ करण असण्याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे के. व्ही. रेड्डी यांचा ‘पाताळ भैरवी’ (१९५१) हा तेलुगू चित्रपट. माळ्याचा मुलगा रामुडू आपला बळी देऊ पाहणाऱ्या मांत्रिकाचाच बळी देतो आणि इच्छा पुरविणारी मूर्ती मिळवितो. ती मूर्ती त्याला वैभव देते. परंतु चोरीस जाऊन ती पुन्हा जिवंत झालेल्या मांत्रिकाच्या हाती पडताच तेच वैभव राजकन्येसह नाहीसे होते. मूर्तीला पक्ष नाही. जो धरील त्याची ती. त्यामुळे कथेचा नैतिक भार मूर्तीवर पडत नाही. तो रामुडूच्या धैर्यावर आणि त्याच्या मित्राच्या युक्तीवर पडतो.

राऊल वॉल्श यांच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) या मूकपटात हाच विचार अधिक सूक्ष्म रीतीने आला आहे. राजकन्येसाठी सर्वांत दुर्मीळ वस्तू आणण्याची स्पर्धा तीन राजपुत्रांत लागते. एक दूरदर्शी स्फटिक आणतो, दुसरा उडता गालिचा, तिसरा प्राणदायी सफरचंद. राजकन्येवर विषप्रयोग झाला हे स्फटिकात दिसते, गालिच्यावरून तिच्यापाशी पोहोचता येते, सफरचंदाने ती बरी होते. यांतील एक वस्तू वगळली तरी उरलेल्या दोन व्यर्थ ठरतात. साहजिकच श्रेय कोणा एकाला देता येत नाही. त्यातही सफरचंद आणणाऱ्यानेच विषप्रयोग करविलेला आहे, म्हणजे साधनाला कार्य मिळावे म्हणून संकट निर्माण करण्यात आले आहे. साधन आणि कर्तृत्व यांतील अंतर याहून तीक्ष्णपणे दाखविणे कठीण आहे.

याच नावाच्या १९४० च्या बोलपटात वाणीचा प्रश्न त्यात मिसळतो. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू याने रंगविलेला अबू बाटलीतील राक्षसाला युक्तीने वश करतो आणि तीन इच्छांचा धनी होतो. तिसरी इच्छा मात्र तो मागत नाही. ती त्याच्या तोंडून निसटते. मित्राशी भांडताना, तू बगदादेत असतास तर बरे, अशा अर्थाचे शब्द तो रागाने उच्चारतो आणि मित्र तत्काळ अदृश्य होतो. राक्षसाला शब्दार्थाशी कर्तव्य आहे, वक्त्याच्या हेतूशी नाही. येथे मंतरलेली वस्तू बाटली नसून उच्चारलेले वाक्य हीच आहे, असे म्हणावे लागते.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मध्ये पवित्र पेटी ही शब्दशः कर्म आहे. १९३६ सालच्या पार्श्वभूमीवर सर्व पात्रांना सर्वाधिक हवी असलेली वस्तू तीच. परंतु शेवटी पेटी उघडते तेव्हा नायक खांबाला बांधलेला असतो आणि तो फक्त डोळे मिटून घेतो. कर्म क्षणात कर्ता बनते व शत्रूंचा संहार करते. नायकाच्या धडपडीने निष्पत्तीत फरक पडला नाही, हा या चित्रपटावरील आक्षेप परिचित आहे. तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. जी वस्तू मिळविण्यासाठी आयुष्य वेचले तिच्याकडे न पाहण्याचा निर्णय हीसुद्धा क्रियाच होय, आणि त्या प्रसंगी स्वतंत्र असा तेवढाच एक कर्ता उरलेला असतो.

पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीत (२००१–२००३) अंगठी आरंभापासूनच कर्तृपदावर हक्क सांगते. ती धारकाला सोडून जाते, मोह घालते, आपल्या धन्याकडे परतू पाहते. ‘अंगठीने त्याला ग्रासले’ या वाक्यातील ‘ने’ करणाचा नव्हे, कर्त्याचा. ज्वालामुखीच्या काठी फ्रोडो अंगठी टाकण्यास नकार देतो. टोल्कीन यांच्या कादंबरीत त्यानंतर गॉलम अंगठी हिसकावून आनंदाच्या भरात स्वतःच तोल जाऊन पडतो. चित्रपटात फ्रोडो त्याच्याशी झटापट करतो आणि त्यातून गॉलम अंगठीसह कोसळतो. हा बदल वरवर किरकोळ दिसतो; पण त्याने कारकांचा तोल बिघडतो. कादंबरीत नायकाचा पराभव निःसंदिग्ध आहे, आणि त्याने व इतरांनी गॉलमवर पूर्वी केलेली दया हीच जग वाचविते. चित्रपटाने नायकाच्या हाताला अखेरच्या क्षणी काम दिले. पण ते काम अंगठीच्या नाशासाठी की तिच्या लोभासाठी, हे अनिश्चित ठेवल्याने दयेचे फळ झाकोळले.

तात्पर्य, या चित्रपटांचे मूल्य त्यांतील चमत्कारांच्या भव्यतेवरून ठरविता येणार नाही. वस्तू किती करते याहून, वस्तू एवढे करीत असताना माणसाच्या वाट्याला कोणते क्रियापद उरते, हा प्रश्न महत्त्वाचा. रामुडूच्या वाट्याला धैर्य येते, अबूच्या वाट्याला बोललेल्या शब्दाचे उत्तरदायित्व, तर बांधलेल्या नायकाच्या वाट्याला केवळ डोळे मिटणे. जेथे असे क्रियापद उरतच नाही, तेथे अद्भुताचा थाट कितीही असो, कथा कर्त्यावाचून अपुऱ्या राहिलेल्या वाक्यासारखी भासते.