पडदा कोणाच्या घरात?

जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (1949) वाचून आपला मध्यमवर्गीय वाचक हादरतो. भिंतीवरचा पडदा माणसाला पाहतो, ऐकतो, ही कल्पना त्याला भयानक वाटते. म्हसावदला बसून वाचताना मला ठेच लागली ती दुसरीकडेच. त्या राज्यातले शेकडा 85 लोक कष्टकरी ‘प्रोल’. आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी हा पडदाच नाही. नजर आहे ती पक्षाच्या माणसांवर. तळचा माणूस सत्तेच्या हिशेबातच नाही, म्हणून तो मोकळा!

आपला इतिहास नेमका उलटा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे बोटांचे ठसे आले, हजेरी आली, सेटलमेंटचे तारेचे कुंपण आले. यंत्र म्हणाल तर एक नोंदवही आणि एक शिपाई. कायदा 1952 साली गेला. संशय गेला नाही. ऑर्वेल स्वतः 1922 ते 1927 ब्रह्मदेशात इंग्रज सरकारचा पोलीस अधिकारी होता. ते राज्य त्याने आतून पाहिले होते. तरीही त्याच्या कादंबरीतली नजर खाली वळत नाही, हे मला त्या कादंबरीचे मोठे वैगुण्य वाटते.

आमच्या खानदेशात 1825 साली औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. भिल्लावर भिल्लाचाच पहारा! स्वातंत्र्यानंतर शहादे तालुक्यात जमीनदारांच्या पीक संरक्षण सोसायट्या आल्या. रखवालदाराच्या हाती काठी, आणि आदिवासीने कणसे खुडली असा नुसता संशय पुरे. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांचा सत्तरीतला लढा या पहाऱ्याशीही होता.

बाबासाहेबांच्या चळवळीची साधने शासनाने 1982 साली छापली, त्यांत मुंबईच्या पोलिसांचे गुप्त अहवाल आहेत. आमच्या सभांचा वृत्तान्त पाळत ठेवणाऱ्याच्या वहीतून शोधावा लागतो.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (1987) हे खरे तर पाळतीच्या राज्याविषयीचे पुस्तक. समीक्षकांनी त्याला ‘वेदनेच्या’ कप्प्यात टाकून हात झटकले. राज्यसंस्थेची चिकित्सा म्हणून ते वाचायचे, तर पोलिसाला घरात पाहण्याची सवय असलेला वाचक हवा. 2021 साली पेगासस फोनांत शिरल्याचा गवगवा झाला तेव्हा अग्रलेखांना ऑर्वेल आठवला. ‘उचल्या’ आठवल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.