अन्नसाखळीच्या तक्त्यातील शेवटचा चौकोन

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही अन्नसाखळी आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांनी फळ्यावर काढलेली असते. तिच्या शेवटी एक चौकोन असतो : ‘विघटक – जीवाणू व बुरशी’. सारे बाण त्यात शिरतात आणि तिथेच संपतात. ऊर्जा एका जीवाकडून दुसऱ्याकडे जाते हे समजावण्यास तक्ता सोपा आहे, यात शंका नाही. आक्षेप आहे तो या चौकोनाला.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या उतारांवर सीताफळाची झाडे पुष्कळ आहेत. त्यांच्या पाल्याला शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. तो वाळून खाली पडतो आणि पावसात त्यावर बुरशी वाढते. हा कुजका पाला भिंगाखाली पाहावा. एक-दोन मिलिमीटर लांबीचे, बिनपंखी स्प्रिंगटेल आणि त्यांहून बारीक माइट दिसतात. त्यांतील अनेक जाती बुरशीचे तंतू खातात. स्प्रिंगटेलना कोळी खातात, मुंग्या खातात. म्हणजे साखळी इथे संपत नाही, नव्याने सुरू होते.

उलटेही घडते. आर्थ्रोबोट्रिस ही मातीतील बुरशी चिकट जाळी तयार करून सूत्रकृमी पकडते व पचवते. आपण भाजीला वापरतो ती धिंगरी अळिंबीही सूत्रकृमींना लुळे करून त्यांचे अन्न करते, हे १९८४ साली दाखवून देण्यात आले.

बांधावरच्या वारुळात तर शेतीच चालते. ओडोंटोटर्मिस उधई खाल्लेल्या पाल्याच्या विष्ठेची पोळी रचते व तीवर टर्मिटोमायसिस बुरशी वाढवते. उधईला सहज न पचणारे लिग्निन ही बुरशी फोडते. उधई बुरशीच्या पांढऱ्या गाठी आणि जुनी पोळी खाते. तक्त्यात या जोडीला जागा कुठे?

मात्र चूक दुरुस्त करताना मनाला येईल तसे बाण काढू नयेत. बाण हे एक विधान आहे, त्याला पुरावा हवा. स्प्रिंगटेलच्या आतड्यात बीजाणू सापडले तरी ते पचले असे सिद्ध होत नाही. काही बीजाणू जिवंतच बाहेर पडतात व दुसरीकडे रुजतात.

वर्गात एवढे करता येईल : प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवावा, तोंडाशी जाळी लावून त्यात ओलसर पाला भरावा, वर थोड्या अंतरावर ४० वॅटचा दिवा व खाली ओला कागद ठेवावा. उजेड-उष्णता टाळणारे जीव दोन-तीन दिवसांत खाली उतरतात. मुलांनी त्यांची चित्रे काढावीत, नंतर त्यांना मातीत सोडावे.

हा केवळ चित्राचा वाद नाही. बुरशी खाणारे जीव जास्तीचे नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात आणि ते पिकाच्या मुळांना मिळते. कापसाची पऱ्हाटी शेतात जाळली की या सगळ्यांचे अन्नच जळते. ‘विघटन आपोआप होते’ एवढेच शिकलेल्या मुलाला त्या धुरात काही नुकसान दिसणार नाही. म्हणून हा चौकोन उघडून दाखवला पाहिजे.