प्रज्ञा आणि आत्मप्रत्यय : कालामसुत्त व राहुलोवाद यांचे एकत्र वाचन

बुद्धाने मनुष्यास परंपरेचा आधार सोडून स्वतःच्या अंतःप्रज्ञेवर विसंबावयास शिकविले, हे विधान आज इतके रूढ झाले आहे की, त्याची तपासणी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. या विधानाच्या समर्थनार्थ दोन आधार नेहमी पुढे केले जातात. पहिला महापरिनिब्बानसुत्तातील ‘अत्तदीप’ ही संज्ञा, आणि दुसरा अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील कालामांस केलेला उपदेश. हे दोन्ही आधार खरेच आहेत. तथापि त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग या सुत्तांच्या पुढील वाक्यांत आणि मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक राहुलोवादसुत्तात सापडतो. तो वगळल्यास प्रज्ञा व स्वतःची आवड यांतील भेद पुसला जातो आणि बुद्धाच्या नावाने मनुष्य आपल्याच पूर्वग्रहांस मान्यता देऊ लागतो.

प्रथम ‘अत्तदीप’ या शब्दाचा विचार करणे इष्ट होय. वैशालीजवळील बेलुव ग्रामातील वर्षावासात, आजारातून उठलेल्या बुद्धाने आनंदास उद्देशून हा शब्द वापरला. पालीतील ‘दीप’ शब्दाचे दिवा व बेट असे दोन्ही अर्थ संभवतात. संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रात मात्र ‘आत्मद्वीप’ असा पाठ आहे, आणि शेजारच्या ‘शरण’ या शब्दाशीही बेट हाच अर्थ अधिक जुळतो. परंतु अर्थनिश्चितीपेक्षा संदर्भाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘अत्तदीप’ याच्या पाठोपाठ ‘धम्मदीप’ हा शब्द येतो, आणि भिक्षू अत्तदीप कसा होतो याचा खुलासाही तेथेच केलेला आहे. काया, वेदना, चित्त व धर्म यांचे सावधपणे अवलोकन करणे, म्हणजेच चार स्मृतिप्रस्थाने, हा तो खुलासा होय. सारांश, आत्मावलंबन ही येथे मनाची एखादी सहजवृत्ती नव्हे. ते एका अभ्यासाचे फळ आहे.

कालामसुत्ताचीही हीच स्थिती आहे. कोसल देशातील केसपुत्त या नगरीत निरनिराळे श्रमण व ब्राह्मण येत, स्वतःचे मत उजळून दाखवीत आणि इतरांच्या मतांची निंदा करीत. त्यामुळे कोणाचे खरे मानावे, असा प्रश्न कालामांस पडला. त्यांचा संशय योग्यच आहे असे सांगून बुद्धाने दहा गोष्टींच्या आधारे मत स्वीकारू नये असे सुचविले. ऐकीव गोष्ट, परंपरा, वदंता आणि ग्रंथाचे प्रामाण्य ही त्यांपैकी पहिली चार. वक्त्याची वरकरणी योग्यता व ‘हा श्रमण आपला गुरू आहे’ ही भावना ही शेवटची दोन. एवढ्यावर थांबणारे वाचक या सुत्तास स्वतंत्र विचाराची सनद ठरवितात. मधली चार कारणे मात्र सहसा दुर्लक्षित राहतात. तर्क, अनुमान, कारणांचा वरवरचा विचार आणि पुष्कळ चिंतनानंतर मनास पटलेली दृष्टी ही ती चार कारणे होत. यांपैकी एकही बाहेरून लादलेले नाही. चारही मनुष्याच्या आत घडणारी आहेत. ‘मला हे पटते’ हा अनुभव ‘गुरूने हे सांगितले’ या आधाराइतकाच अपुरा आहे, असे या यादीचे तात्पर्य आहे.

मग निर्णय करावयाचा तो कशावरून? ‘तुम्ही स्वतःच जेव्हा जाणाल’ असा मार्ग बुद्ध सांगतो. परंतु काय जाणावयाचे हेही तो स्पष्ट करतो. अमुक गोष्ट अकुशल आहे काय, सदोष आहे काय, जाणती माणसे तिची निंदा करतात काय, आणि ती अंगीकारल्यास अहित व दुःख उद्भवते काय, हे चार प्रश्न तेथे आहेत. लगेच लोभ, द्वेष व मोह ही उदाहरणे घेऊन कालामांकडूनच उत्तरे वदविली आहेत. लोभाने ग्रासलेला मनुष्य हिंसा करतो, न दिलेले घेतो, खोटे बोलतो, हे ओळखण्यासाठी कालामांस कोणत्याही ग्रंथाची गरज पडत नाही. येथे स्वतःच्या अनुभवास मान आहे. पण तो अनुभव परिणामांच्या व इतरांच्या साक्षीने पारखलेला आहे.

भारतीय विचारातील दुसऱ्या एका कल्पनेशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मनुस्मृतीने वेद, स्मृती व सदाचार यांच्यानंतर ‘आत्मतुष्टी’ हेही धर्माचे प्रमाण मानले आहे. कुल्लूकासारख्या टीकाकाराने तिचे क्षेत्र विकल्पाच्या विषयापुरते मर्यादित केले. कारण केवळ मनाच्या समाधानास प्रमाण मानल्यास अनवस्था ओढवेल, हे उघड होते. धर्मशास्त्राने हा धोका वरिष्ठ प्रमाणांच्या साहाय्याने आवरला. बौद्ध ग्रंथांपुढे तो मार्ग खुला नव्हता, कारण ग्रंथप्रामाण्य त्यांनीच अपुरे ठरविले होते. त्यांना बंधन शोधावे लागले ते नित्याच्या आचरणात.

हे बंधन राहुलोवादात दिसते. अट्ठकथेनुसार राहुल त्या वेळी अवघा सात वर्षांचा होता. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून बुद्ध त्यास असत्य भाषणाविषयी समजावतो, आणि नंतर आरशाचा उपयोग विचारतो. आरसा पाहण्यासाठी, तसेच कर्म पुनःपुन्हा पाहून करावयाचे, हा दृष्टांताचा अर्थ. काया, वाचा व मन यांच्या प्रत्येक कर्माचे कर्मापूर्वी, कर्म चालू असता व कर्मानंतर असे तीन वेळा प्रत्यवेक्षण करावयाचे. आणि प्रश्न एकच : याने स्वतःस, दुसऱ्यास वा उभयतांस पीडा होते काय? अशोकाने बैराटच्या लेखात भिक्षू व उपासक यांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे सात धर्मपर्याय सांगितले, त्यांत असत्य भाषणाविषयी राहुलास केलेल्या उपदेशाचाही उल्लेख आहे. यावरून या उपदेशाची प्राचीनता व त्याचे सर्वसामान्य आचरणाशी असलेले नाते ध्यानात येते.

या सुत्तातील एक बारकावा विशेष विचारणीय आहे. केलेले कायिक वा वाचिक कर्म पीडाकारक आढळल्यास राहुलाने ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सब्रह्मचाऱ्यापुढे उघड करावयाचे आहे. मानसिक कर्माविषयी मात्र तसे सांगितलेले नाही. तेथे त्या विचाराची लाज व किळस वाटणे पुरेसे मानले आहे. म्हणजे दुसऱ्यापर्यंत पोहोचलेले कर्म दुसऱ्यापुढेच तपासले गेले पाहिजे. अंतःप्रज्ञा एकांतात पूर्ण होत नाही, हा विचार याहून नेमकेपणाने मांडणे कठीण आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘जाणत्या माणसां’चे मत निकष ठरले, तर दारातून बाहेर घालविलेले गुरुप्रामाण्य खिडकीतून आत आले असे होणार नाही काय? जाणता कोण हे ओळखण्यासही प्रज्ञा लागते. मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्त या आक्षेपास बव्हंशी उत्तर देते. शिष्याने खुद्द तथागताचे आचरण डोळ्यांनी व कानांनी पारखावे, असे त्यात सांगितले आहे. जाणता हा त्याच्या अधिकारावरून नव्हे, तर दीर्घकाळ पाहिलेल्या आचरणावरून ओळखावयाचा. वर्तुळ यामुळे पूर्णपणे सुटत नाही. पण ते मोठे होते आणि त्यात एकाऐवजी अनेकांचे डोळे येतात. शिवाय कालाम हे उपदेशाच्या आरंभी बुद्धाचे अनुयायी नव्हते, तर राहुल संघातील श्रामणेर होता. श्रोते एवढे भिन्न असूनही कसोटी तीच राहते, हे या दोन सुत्तांच्या एकत्र वाचनाचे फलित होय.

मराठी वाचकास हा प्रश्न परका नाही. धर्मानंद कोसंबी यांनी बुद्धाचे चरित्र व उपदेश मराठीत आणताना मूळ पाली ग्रंथांची साक्ष सतत जवळ ठेविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बुद्धिप्रामाण्यावर मोठा भर आहे. परंतु शीलाविना प्रज्ञा ही तलवारीसारखी असून ती रक्षणासाठी उचलली जाईल की हत्येसाठी, हे धरणाऱ्याच्या शीलावर अवलंबून असते, हा इशाराही तेथेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्यांनी परंपरेचे प्रामाण्य जाणीवपूर्वक नाकारले, त्यांच्यापुढे नवे प्रामाण्य कोणते हा प्रश्न पुस्तकी नव्हता. त्यास ‘आपले मन’ एवढेच उत्तर दिले असते, तर ज्या मनांत जातीचे संस्कार मुरलेले होते तीही मने तेच उत्तर देऊ शकली असती.

यास्तव ‘स्वतःच्या प्रज्ञेवर विश्वास ठेवावा’ हे वाक्य बौद्ध विचारात आरंभी येऊ शकत नाही. ते शेवटी येते. बोलण्यापूर्वी थांबणे, करीत असता पाहणे, केल्यानंतर जे चुकले ते जाणत्यापुढे मांडणे, हा त्या विश्वासाचा मार्ग आहे. जे मन अशा रीतीने रोज आरशापुढे उभे राहिले आहे, त्याच्याच साक्षीला साक्ष म्हणता येते.