‘कर्मचाऱ्यांना काय वाटतं’ म्हणजे सेवेचा दर्जा नव्हे

मानसिक आजाराच्या आपत्कालीन सेवेवर डॉक्टर-नर्सेसच्या मुलाखती घेऊन लिहिलेले पेपर वाचायला लागलात, की तीन-चार पेपरनंतर पुढच्याचा निष्कर्ष आधीच सांगता येतो. माणसं कमी, जागा अपुरी, प्रशिक्षण नाही, मारहाणीची भीती. यातलं खोटं काही नाही. माझा आक्षेप आहे तो शीर्षकातल्या ‘दर्जा’ या शब्दाला.

डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये दर्जा तीन अंगांनी बघायला सांगितलं: रचना (माणसं, जागा, साधनं), प्रक्रिया (रुग्णासाठी प्रत्यक्ष काय केलं) आणि परिणाम (रुग्णाचं पुढे काय झालं). मुलाखतीतून रचनेबद्दल भरपूर मिळतं. प्रक्रियेबद्दल मिळतं ते मत. परिणाम बहुतेक वेळा हातातून निसटतोच.

उदाहरण घेऊ, रुग्णाला बांधण्याचं. ‘नाइलाज झाला तरच बांधतो’ असं नर्स प्रामाणिकपणे सांगेल. आपण ते कोड करतो, थीम बनवतो आणि मोकळे होतो. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९७ बघा. तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल आणि मनोविकारतज्ज्ञाची परवानगी असेल, तरच बांधता येतं. कशाने बांधलं, का आणि किती वेळ, हे रुग्णाच्या नोंदीत लिहावं लागतं. अशा प्रसंगांचा अहवाल दर महिन्याला मंडळाकडे जायला हवा. म्हणजे मत पडताळायला कागद आहे. नोंद सापडली नाही, तर तेही एक उत्तरच आहे. ती न मागता ‘दर्जा’ लिहिला, तर बांधलेल्या माणसाची बाजू आपल्या पेपरमध्ये कुठेच येत नाही.

दुसरी गोष्ट सॅम्पलची. कलम ९४ प्रमाणे आपत्कालात कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो, साधारणपणे ७२ तासांपर्यंत. म्हणजे रात्री कॅज्युअल्टीत उभा असलेला ज्युनियर डॉक्टर महत्त्वाचा. रुग्णाला धरतात ते वॉर्डातले मामा आणि सिक्युरिटी गार्ड. फक्त मनोविकार विभागात मुलाखती घेतल्या, तर ही माणसं सुटतात.

मग मुलाखती टाकाऊ का? अजिबात नाही. वेल्लोरला २०० रुग्णांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनची लोराझेपामशी तुलना केली. हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनने रुग्ण लवकर शांत होतात, असं दिसलं. पण रात्री दोन वाजता ते इंजेक्शन कपाटात असतं का, आणि किल्ली कोणाकडे असते, हे चाचणी सांगत नाही. ते नर्सच सांगते. मुलाखतीचं खरं बळ ‘का’ आणि ‘कसं’ यात आहे.

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत ‘तुमच्या मते इथली सेवा कशी आहे?’ असा प्रश्न होता. उत्तर आलं, ‘चांगली आहे, पण स्टाफ कमी आहे.’ दहा जणांना विचारलं असतं तरी तेच आलं असतं. आता मी विचारते, ‘असा शेवटचा रुग्ण कधी आला? तो दारातून आत आल्यापासून काय काय झालं, क्रमाने सांगाल?’ लोक थांबतात, आठवतात, मध्येच स्वतःला दुरुस्त करतात. प्रक्रिया तिथे दिसायला लागते.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘दर्जा’ लिहिला असेल, तर नोंदी आणि रुग्णांचं म्हणणं दोन्ही जोडा. ते जमणार नसेल तर शीर्षकात सरळ ‘कर्मचाऱ्यांची मतं’ लिहा. छोटं वाटेल, पण खरं असेल.