औषध वगळल्यानंतर : तान्ह्या बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसवरील उपचारसूचनांची चिकित्सा

प्रास्ताविक

वैद्यकीय उपचारांच्या मार्गदर्शक सूचना या केवळ डॉक्टरांच्या उपयोगाच्या असतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अशा प्रत्येक सूचनेत एक समाज गृहीत धरलेला असतो. रुग्णालय किती दूर आहे, घरी बाळाजवळ कोण आहे, बाळ काय पिते, त्याला पुन्हा दाखवायला आणणे कुटुंबाला परवडते काय, या प्रश्नांची उत्तरे सूचना लिहिणाऱ्याने मनाशी आधीच ठरविलेली असतात. ही गृहीते तपासणे हे वैद्यकशास्त्राबाहेरील अभ्यासकाचेही काम आहे. प्रस्तुत लेखात ब्रॉन्किओलायटिस या आजाराच्या बदलत गेलेल्या उपचारसूचनांचा याच दृष्टीने परामर्श घेतला आहे.

ब्रॉन्किओलायटिस म्हणजे फुप्फुसांतील अत्यंत बारीक श्वासनलिकांना विषाणूमुळे येणारी सूज. तो दोन वर्षांखालील, विशेषतः वर्षाच्या आतील बाळांचा आजार आहे. बहुतेक वेळा त्याला आरएसव्ही हा विषाणू कारणीभूत असतो. आधी साधी सर्दी होते. दोन-तीन दिवसांत खोकला येतो, श्वास जलद होतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास त्रास सर्वाधिक असतो. बहुसंख्य बाळे घरीच बरी होतात. मात्र काहींना ऑक्सिजन लागतो, काहींना नळीने दूध द्यावे लागते. यांतील नेमके कोणते बाळ अत्यवस्थ होईल, हे पहिल्या दिवशी सांगणे कठीण असते. सारा पेच येथेच आहे.

उपचारांची माघार

1963 साली रेनॉल्ड्स आणि कुक या डॉक्टरांनी ‘जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात असे मत मांडले होते की, या आजारात ऑक्सिजन महत्त्वाचा असून अन्य कोणत्याही उपचाराच्या उपयुक्ततेचा पटण्याजोगा पुरावा नाही. पुढील काळात मात्र उपचारांची भर पडत गेली. साल्ब्युटामॉलची वाफ, अ‍ॅड्रिनॅलिन, स्टेरॉइड, प्रतिजैविके, क्ष-किरण चित्र हे सर्व नित्याचे झाले. रिबाव्हिरिन या विषाणुरोधक औषधाची अमेरिकन बालरोग अकादमीने 1993 मध्ये शिफारस केली आणि अवघ्या तीन वर्षांत, 1996 मध्ये, ती ‘विचार करता येईल’ इतकी सौम्य केली. 2006 च्या सूचनांनी श्वासनलिका रुंदावणारी औषधे सरसकट देऊ नयेत असे सांगितले. तथापि देखरेखीखाली एकदा देऊन पाहण्याची मुभा ठेवली. 2014 मध्ये ही मुभाही काढून घेण्यात आली. साल्ब्युटामॉल, अ‍ॅड्रिनॅलिन, स्टेरॉइड यांपैकी काहीही देऊ नये, जिवाणुसंसर्गाची खात्री वा दाट शंका असल्याखेरीज प्रतिजैविक देऊ नये, क्ष-किरण चित्र सरसकट काढू नये, अशी ती भूमिका होती. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेच्या 2015 च्या सूचनाही याच वाटेने गेल्या. म्हणजे पन्नास वर्षांच्या फेऱ्यानंतर वैद्यक बव्हंशी 1963 च्या निष्कर्षापाशी परतले.

ही माघार शास्त्रदृष्ट्या योग्य आहे आणि तिच्याशी प्रस्तुत लेखाचा वाद नाही. अनावश्यक औषधाचा खर्च कुटुंबावर पडतो आणि प्रतिजैविकांच्या अतिवापराची किंमत सर्व समाजाला मोजावी लागते. प्रश्न असा आहे की, औषध काढून घेतल्यावर त्या रिकाम्या जागी काय ठेवले? सूचनांचे उत्तर ‘सहाय्यक उपचार’ असे आहे. नाक मोकळे ठेवणे, थोडेथोडे दूध वारंवार पाजणे, लघवीवर लक्ष ठेवणे, श्वासाकडे पाहणे, रात्र जागून काढणे हे सर्व या दोन शब्दांत येते. हे काम करणारी व्यक्ती बहुधा आई असते. औषधाची जागा मनुष्यश्रमाने घेतली. परंतु तो श्रम करणाऱ्या व्यक्तीशी सूचना फारसे बोलत नाहीत.

एक बाळ, दोन सूचना

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कारण ग्रामीण आरोग्यसेवेचा पाया एका निराळ्या सूचनेवर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याची पद्धत रूढ केली. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 वा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 वा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास.

या पद्धतीचे सामर्थ्य महाराष्ट्रानेच जगाला दाखविले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्ते व सुईणी यांना श्वास मोजून प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत 8.1, तर तुलनेच्या गावांत 17.5 होते. डॉक्टर जेथे पोहोचत नाही तेथे साधी गणना आणि स्वस्त औषध जीव वाचवू शकते, हे यातून सिद्ध झाले.

परंतु ब्रॉन्किओलायटिस झालेल्या बाळाचाही श्वास जलदच असतो. श्वास मोजणाऱ्या कार्यकर्तीला तो न्यूमोनियाच दिसणार आणि ती प्रतिजैविक देणार. तिच्या हाती असलेल्या सूचनेनुसार ती चूक करीत नाही. दुसरी विसंगती याहून ठळक आहे. श्वासात शिट्टीसारखा आवाज येत असल्यास न्यूमोनिया ठरविण्यापूर्वी श्वासनलिका रुंदावणारे औषध तीन वेळांपर्यंत देऊन पाहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचा बालआजार-तक्ता सांगतो. तेच औषध ब्रॉन्किओलायटिसमध्ये देऊ नये, असे 2014 ची अमेरिकी सूचना सांगते. दोन्ही विधाने आपापल्या परिसरात समर्थनीय आहेत. जेथे न्यूमोनियाने बालके दगावतात, तेथे एखादे प्रतिजैविक जादा दिले जाण्यापेक्षा न दिले जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून एका परिसरातील ‘देऊ नका’ दुसऱ्या परिसरात जसेच्या तसे आणणे हे शास्त्रनिष्ठेचे लक्षण मानता येत नाही.

दुधाचे माप

सूचनेतील गृहीत समाज कसा उघडा पडतो, याचे एक लहान पण बोलके उदाहरण पाहता येईल. ‘नाइस’च्या सूचनेत, बाळाचे पिणे नेहमीच्या 50 ते 75 टक्क्यांवर आले तर त्याला रुग्णालयात पाठविण्याचा विचार करावा, असा निकष आहे. हा निकष बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला सहज लावता येतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कोणत्या मापाने मोजावे? याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन महिन्यांपुढील बाळासाठी धोक्याची खूण म्हणजे मुळीच पिता न येणे. एक सूचना टक्केवारी विचारते, दुसरी अगदी टोकाची अवस्था पाहते. या दोहोंमधील अवस्था, म्हणजे बाळ अंगाला लागते, दोन घोट घेते, धाप लागून सोडते आणि रडते, ही आपल्या घरांतील आईला सर्वांत आधी दिसते. तिचे हे निरीक्षण निकष म्हणून लिहिता येण्याजोगे आहे. सकाळपासून किती दुपटी ओली झाली, हा प्रश्नही तिला समजतो. तिच्या भाषेत विचारलेला प्रश्नच तिच्याकडून खरे उत्तर आणू शकतो.

अंतर आणि ऑक्सिजन

असोदा हे जळगाव शहरालगतचे गाव आहे. जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. असोद्यातील आईला ‘आज औषध नको, उद्या पुन्हा दाखवा’ असे सांगता येते. त्यात तिची एक दिवसाची मजुरी बुडते, पण ती येऊ शकते. चोपडा-यावल तालुक्यांतील सातपुड्याच्या कुशीतील पावरा पाड्यावरून आलेल्या आईला हेच वाक्य सांगणे म्हणजे बाळाला वाऱ्यावर सोडणे ठरू शकते. वाक्य तेच राहते. अंतरामुळे त्याचा अर्थ पालटतो.

याच सातपुड्याच्या रांगेत, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, ‘महान’ संस्थेच्या सहभागाने दोन वर्षांखालील बालकांतील आरएसव्ही-मृत्यूंचा गावपातळीवर अभ्यास झाला आणि तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयाबाहेर होणारे मृत्यू मोजल्याशिवाय या विषाणूचा खरा भार कळत नाही, हे त्यातून पुढे आले. रुग्णालयातील अनुभवावरून लिहिलेल्या सूचनेत घरी दगावलेले बाळ येतच नाही.

ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची गोष्टही अशीच दुहेरी आहे. टोरांटो येथील 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही बाळांच्या यंत्रावरील आकडा मुद्दाम तीन अंशांनी वाढवून दाखविला, तेव्हा त्या गटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 25 टक्के राहिले. खरा आकडा दाखविलेल्या गटात ते 41 टक्के होते. तेथे यंत्राच्या आकड्यावर अतिविसंबून राहणे हा दोष ठरला. आपल्याकडे आकडा दाखविणारे यंत्र उपकेंद्रावर असणे हीच पहिली गरज आहे. केंद्र शासनाच्या 2019 च्या ‘सांस’ मोहिमेने आरोग्यवर्धिनी केंद्रांवर या यंत्राचा व ऑक्सिजनचा विचार केला, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र यंत्राबरोबर लहान बाळाच्या बोटाला बसेल असा चिमटा, चालू स्थितीतील ऑक्सिजन आणि पुढे नेणारे वाहन असेल, तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

समारोप

खेड्यापाड्यांत ‘वाफ दिली का?’ हा प्रश्न डॉक्टरच्या कसोटीचा झाला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ही अपेक्षा वैद्यकानेच अनेक दशके वाफ देऊन निर्माण केली. आता ती मोडायची असेल, तर वेळ देऊन समजावणे हा उपचाराचाच भाग मानावा लागेल. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर मातेला लस किंवा बाळाला निर्सेव्हिमॅबचे इंजेक्शन, यांपैकी एका मार्गाने आरएसव्हीपासून संरक्षण देण्याची शिफारस केली. हे संरक्षणही दूरच्या पाड्याला सर्वांत शेवटी मिळू नये.

कोणतीही नवी उपचारसूचना स्थानिक पातळीवर स्वीकारताना तिला तीन प्रश्न विचारावेत. वगळलेल्या औषधाच्या जागी निरीक्षण कोण करणार? त्या व्यक्तीला धोक्याची खूण तिच्या भाषेत सांगितली आहे काय? आणि ती खूण दिसल्यावर रात्री-अपरात्री ऑक्सिजनपर्यंत पोहोचण्याची सोय आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे होकारार्थी आहेत, तेथे औषध न देणे हा उत्तम उपचार आहे. जेथे ती नाहीत, तेथे आधी ती सोय उभी करावी लागेल. तोवर औषध वगळणे ही केवळ उणीव राहते आणि तिची झळ तान्ह्या बाळाला बसते.